भाजीचा हंगामी वाटा घेताय? या चुका टाळा

माझ्या पहिल्या हंगामाचा सहावा आठवडा होता. फ्रीजचा खालचा कप्पा उघडला तर कोबीचे दोन गड्डे, त्यांच्याखाली चेपलेली पालकाची जुडी आणि तळाशी एक पिशवी. पिशवीत काय होतं ते ओळखू येईना, नुसतं हिरवं पाणी झालं होतं. गाजर हातात घेतलं तर रबरासारखं वाकलं, मोडलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी शेतावरून भाजीचा पुढचा खोका यायचा होता.

भाजी आली तेव्हा उत्तम होती. घोटाळा माझा होता. हंगामाचे पैसे आधी भरून शेताशी पिकातला वाटा ठरवला खरा, पण डोकं गिऱ्हाइकाचंच राहिलं होतं. पुढे ज्या चुका सांगते आहे त्यातल्या बहुतेक तिथूनच निघतात.

किलोमागे हिशेब करणं

वाट्यात भाव किलोने ठरत नाही. हंगामाच्या तोंडावर आपण पैसे भरतो, त्यातून शेतकऱ्याचं बियाणं, रोपं, मजुरी निघते आणि मग दर आठवड्याला शेतात जे तयार असेल त्यातला आपला भाग आपल्याला मिळतो. ही पद्धत काही कालची नाही. १९७०च्या दशकात जपानमध्ये ती ‘तेइकेई’ या नावाने पसरली. अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर इथल्या दोन शेतांनी ती सुरू केली. मूळ अट तीच: पिकलं तर पिकात वाटा, बुडालं तर नुकसानीतही वाटा. पैसे भरताना ही अट सगळे मान डोलावून वाचतात. गारपिटीने टोमॅटो झोडपून काढल्यावर मात्र ती कोणालाच आठवत नाही.

तेव्हा पैसे भरण्याआधीच विचारून घ्या. पीक गेलं तर काय करता? दुसरी भाजी देता, आठवडे वाढवता, की काहीच नाही? खोक्यातलं सगळं तुमच्याच शेतातलं असतं का? काही शेतं शेजारच्या शेतातून थोडा माल घेऊन खोका भरतात. त्यात वावगं काही नाही, फक्त ते आधी सांगितलेलं असावं. फवारणीचंही तसंच. ‘छोटं शेत आहे म्हणजे सेंद्रियच असणार’ हे आपण मनाशी धरून चालतो. कशावर, कधी, काय फवारता, असं सरळ विचारा. चांगला शेतकरी या प्रश्नाने दुखावत नाही, उलट अर्धा तास बोलत बसतो.

भूक जास्त मोजणं

दोघांच्या घरात मी पूर्ण वाटा घेतला, कारण ‘आता भाज्या जास्त खायच्याच’ असं ठरवलं होतं. ठरवण्याने पोट मोठं होत नाही. नाव नोंदवण्याआधी एक आठवडा घरात खरोखर किती भाजी शिजते आणि किती संपते ते लिहून काढा. बाहेर जेवलेले दिवसही लिहा. आकडा पाहून थोडं ओशाळायला होईल, पण वाटा त्यावरूनच ठरवा. अर्धा वाटा किंवा एक आठवडा सोडून एक खोका, अशी सोय बऱ्याच ठिकाणी असते. नसेल तर शेजाऱ्यासोबत एक वाटा अर्धा-अर्धा घ्या. मात्र कोणत्या आठवड्यात कोण आणायला जाणार हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका, नाहीतर भाजीपेक्षा शेजार आधी नासतो.

पहिल्या खोक्यावरून मत बनवू नका. सुरुवातीला पालेभाज्या, मुळे, कांद्याची पात असं हलकं काही येतं आणि फसल्यासारखं वाटतं. फळभाज्या सुरू झाल्या की तोच खोका एका हाताने उचलत नाही.

खोका घरी आल्यावर ‘नंतर बघू’ म्हणणं

सगळ्यात जास्त भाजी या दोन शब्दांनी वाया जाते. खोका आला की अर्धा तास त्यालाच द्या. एवढं जमलं तर बाकीच्या निम्म्या चुका माफ.

सर्वात आधी गाजर, मुळा, बीट यांचा पाला कापा. पाला लावून ठेवलेलं गाजर दिसतं छान, पण पाला कंदातलं पाणी ओढत राहतो. माझी गाजरं रबरासारखी झाली ती त्यामुळेच. देठाचा बोटभर भाग राहू द्या. पाला टाकू नका, तो वेगळा ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. मुळ्याचा, बिटाचा पाला ही वेगळी भाजीच आहे.

पालेभाजी निवडून, पिवळी पानं काढून कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळा आणि मग पिशवीत किंवा डब्यात ठेवा. पानांना ओलावा लागतो, पण पानांवर पाणी साचलं की ती सडतात. फडकं ते पाणी शोषतं आणि पानं सुकूही देत नाही. धुवायचीच असेल तर नीट निथळून कोरडी करा. ओली जुडी पिशवीत कोंबून गाठ मारली की चार दिवसांत ते हिरवं पाणी तयार.

आता फ्रीजमध्ये काय ठेवायचं नाही ते. टोमॅटो साधारण १२ अंशांखाली राहिला की त्याचा वास आणि चव मरते, म्हणून तो बाहेरच ठेवा, देठाची बाजू खाली करून. काकडी, वांगी यांनाही १० अंशांखालची आणि फरसबीला साधारण ५ अंशांखालची थंडी सोसत नाही. काही दिवसांनी त्यांच्यावर खड्डे आणि पाणचट डाग दिसू लागतात. फ्रीजचं तापमान ४ अंशांच्या आसपास असतं, तेव्हा त्या आत ठेवल्याच तर सगळ्यात कमी गार भागात ठेवा आणि लवकर संपवा. बटाटे अंधारात ठेवा. उजेडाने ते हिरवे पडतात आणि त्यांत विषारी द्रव्य वाढतं. कांदे हवेशीर जागी, पण बटाट्यांपासून लांब.

आणि पिकलेली सफरचंदं, केळी किंवा टोमॅटो पालेभाजीशेजारी ठेवू नका. पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्याने पानं पिवळी पडतात. कितीतरी दिवस मी ‘यांची पालेभाजी टिकत नाही’ म्हणत होते. पिवळी पाडत होती माझीच केळी.

एवढं करूनही भाजी मलूल झाली, तर फेकण्याआधी बर्फाच्या पाण्यात वीस-तीस मिनिटं बुडवून ठेवा. पालक, लेट्यूस, सेलरी, गाजरसुद्धा पुन्हा कडक होतं. जे नुसतं सुकलंय ते परत येतं. जे लिबलिबीत झालंय ते टाका.

ठरलेला बेत धरून बसणं

‘आज अमुक करायचं’ असं ठरवून मग भाजी शोधायची, ही सवय खोक्यासमोर टिकत नाही. आधी खोका, मग बेत. मी फ्रीजच्या दारावर कागद लावते आणि त्यावर भाज्या टिकण्याच्या क्रमाने लिहिते. वर लेट्यूस, पालक, कोवळे मटार, मक्याची कणसं. मटार आणि मक्यातली साखर तोडल्यापासूनच स्टार्चमध्ये बदलू लागते, त्यामुळे ते पहिल्याच दिवशी. मधे फरसबी, ब्रोकोली, वांगी. खाली कोबी, गाजर, बीट, भोपळा. संपलं की खोडायचं. कोबीला घाई नसते, म्हणून मी आधी कोबी कापत बसायचे आणि पालक मरायचा.

अनोळखी भाजी आली की तिच्या नावाने पाककृती शोधत बसू नका. एक तुकडा कच्चा खाऊन बघा, एक तेल-मीठ लावून भाजा, उरलेल्याचं सूप करा. कोलराबी (नवलकोल) मला भाजून आवडला, कच्चा अजिबात नाही. तुमचं उलट असू शकतं.

भोकं बघून घाबरणं

पानाला चार भोकं म्हणजे कोणीतरी आपल्या आधी जेवून गेलं, एवढंच. ब्रोकोली आणि फ्लॉवर मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं उलटे बुडवा, अळ्या बाहेर येतात. मग वाहत्या पाण्याखाली धुवा. वाकडी काकडी, जुळलेली गाजरं याबद्दल तक्रार करू नका. कुजलेला भाग, बुरशी, आंबूस वास याबद्दल जरूर करा.

तक्रार मनात ठेवणं, किंवा उशिरा करणं

माझ्या खोक्यात एकदा तळाची वांगी चेचलेली निघाली. मी गप्प बसले, दोन आठवडे धुसफुसले आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं एकदम बोलले. समोरचा गोंधळून गेला, कारण त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याच दिवशी फोटो काढून पाठवा आणि नेमकं लिहा: कोणती भाजी, किती, कशी झाली. पुढचा खोका भरताना जड माल खाली ठेवायचा हे त्याला कळतं. सलग चार आठवडे तीच भाजी येते, हेही सांगावं. सांगितल्याने शेतातलं पीक लगेच बदलत नाही, पण शेतकऱ्याला अदलाबदलीची टोपली ठेवता येते. नको ती भाजी ठेवायची, हवी ती उचलायची.

बाहेरगावी जाणार असाल तर खोक्याच्या दिवशी सकाळी फोन करून उपयोग नाही. तोडणी आदल्या दिवशी किंवा पहाटेच झालेली असते. दोन-तीन दिवस आधी कळवा, किंवा तुमच्याऐवजी कोण नेणार त्याचं नाव द्या. न्यायला उशीर झाला तर भाजी उन्हात बसते, आणि त्या ऊबेने पालेभाजीचे टिकण्याचे दिवस कमी होतात.

उरलेलं तसंच गोठवणं

जास्तीची फरसबी किंवा गाजरं चिरून थेट फ्रीझरमध्ये टाकली तर महिन्या-दोन महिन्यांत त्यांना गवतासारखी चव येते. थंडीत भाजीतली एन्झाइम, म्हणजे चव-रंग बदलवणारी द्रव्यं, मंद होतात, थांबत नाहीत. म्हणून आधी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग पूर्ण कोरडी करून, ताटात सुटी पसरून गोठवा आणि नंतर पिशवीत भरा. पिशवीवर तारीख घाला. लेट्यूस आणि काकडी यांच्या वाटेला जाऊ नका. त्या दोन्ही आमच्याकडे शेजारच्या घरी जातात, आणि खोका आणण्याची पाळी आता निम्म्या वेळा शेजारीणच घेते.