एल निन्यो वजा करताय? या चुका टाळा

समुद्राच्या तापमानाचे आकडे आता कुणालाही दोन मिनिटांत उतरवून घेता येतात. तिसऱ्या मिनिटाला निष्कर्ष काढून मोकळे होणारेही कमी नाहीत. माणसामुळे झालेली वाढ किती आणि एल निन्योसारख्या (म्हणजे विषुववृत्ताजवळचा प्रशांत महासागर दर काही वर्षांनी तापतो तशा) नैसर्गिक झोक्याचा वाटा किती, हा प्रश्न शेवटी वजाबाकीचा आहे. घोटाळा होतो तो कशातून काय वजा करतोय हे न पाहिल्यामुळे.

जुन्या सरासरीवर नवा एल निन्यो मोजणं

ही चूक इतक्यांदा दिसते की आता चीडही येत नाही. एल निन्यो मोजायचा प्रशांत महासागरातला ठरलेला पट्टा म्हणजे निन्यो ३.४: विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना ५ अंश आणि १७० ते १२० अंश पश्चिम रेखांश. तिथलं तीन महिन्यांचं तापमान नेहमीपेक्षा किमान ०.५ अंश जास्त, आणि एकमेकांत गुंतलेले असे सलग पाच तिमाही टप्पे, की एल निन्यो. सगळी गोम ‘नेहमीपेक्षा’ या शब्दात आहे. समजा पट्ट्यातलं पाणी २८.२ अंशांवर आहे. जुन्या तीस वर्षांची सरासरी २६.३ धरली तर फरक १.९, अलीकडच्या तीस वर्षांची २६.७ धरली तर १.५. पाणी तेच, पण एका कागदावर ते अतितीव्र एल निन्योच्या उंबरठ्यावर, दुसऱ्यावर जेमतेम तीव्र. म्हणूनच अमेरिकेची ‘नोआ’ ही संस्था तीस वर्षांचा आधारकाळ दर पाच वर्षांनी पुढे सरकवते.

तेवढ्यानंही भागत नाही, हे २०२३-२४ मध्ये दिसलं. या पट्ट्यातला फरक २ अंशांच्या आसपास गेला, म्हणजे १९८२-८३ आणि १९९७-९८ च्या अतितीव्र एल निन्योंच्या पंक्तीत बसायला हरकत नव्हती. पण वातावरणाचा प्रतिसाद कोमट. हवेच्या दाबावरून काढला जाणारा दक्षिणी आंदोलनाचा निर्देशांक त्या मानानं फारसा हललाच नाही. कारण उष्ण कटिबंधातला बाकीचा समुद्रही तेव्हा कमालीचा तापलेला होता. पाणी नुसतं गरम आहे म्हणून ढग उभे राहत नाहीत. आजूबाजूच्या उष्णकटिबंधीय पाण्यापेक्षा ते गरम असावं लागतं.

इलाज सोपा आहे. २० अंश उत्तर ते २० अंश दक्षिण या संपूर्ण पट्ट्याची सरासरी वाढ काढा आणि निन्यो ३.४ च्या आकड्यातून वजा करा. असं केल्यावर २०२३-२४ चा एल निन्यो दीड अंशाच्या आसपास उतरतो. घाईतले लोक इथेच थांबतात आणि पुढची पायरी गाळतात. उष्ण कटिबंधाच्या सरासरीत एल निन्योचा स्वतःचाही वाटा असतो, त्यामुळे वजाबाकीत खऱ्या झोक्याचाही थोडा लचका तुटतो. उरलेल्या मालिकेला गुणून तिचं प्रमाण विचलन (चढउतारांचं माप) मूळ मालिकेइतकं करून घ्यावं लागतं. ते केलं नाही तर प्रत्येक एल निन्यो मरतुकडा दिसणार.

आणि हे शिकल्यावर प्रवाळाच्या आकड्यांतूनही सरासरी वजा करत सुटू नका! प्रवाळाला बाकीचा समुद्र किती तापलाय याच्याशी देणंघेणं नाही. सर्वांत उष्ण महिन्याच्या नेहमीच्या सरासरीपेक्षा पाणी एका अंशानं वर गेलं आणि तिथे आठवडेच्या आठवडे टिकलं, की तो पांढरा पडतो. तिथे स्थिर, जुना आधारकाळच बरोबर. मी तर आलेखाच्या शीर्षकातच आधारकाळ लिहितो. तळटीप कुणी वाचत नाही.

अटलांटिकमधून सरळ रेष वजा करणं

उत्तर अटलांटिकचं तापमान घ्यायचं, त्यातून एक सरळ रेष काढून टाकायची आणि उरेल त्याला ‘साठ-सत्तर वर्षांचं नैसर्गिक चक्र’ म्हणायचं, हा आळशांचा लाडका शॉर्टकट. माणसाचा प्रभाव सरळ रेषेत वाढलेलाच नाही. १९५० ते १९७० च्या दशकांत गंधकाच्या कणांनी ऊन अडवलं, तापमानवाढ झाकली गेली. पुढे हवा स्वच्छ होत गेली तशी वाढ उघडी पडली.

पटत नसेल तर स्वतः करून बघा. १९४० पर्यंत किंचित चढ, १९७५ पर्यंत सपाट, मग दर दशकाला ०.२ अंश वाढ अशी कृत्रिम मालिका बनवा. चक्र त्यात औषधालाही नाही. सरळ रेष वजा करा, दहा वर्षांची सरासरी फिरवा. लाट हजर! रेषेऐवजी जगभरच्या समुद्राची सरासरी वजा करणं त्यातल्या त्यात बरं, पण गंधकाचे कण सगळीकडे सारखे पसरलेले नव्हते, म्हणून तेही पुरतं स्वच्छ नाही.

बाकीच्या, पटापट

१९९८ पासून कल काढू नका. ते वर्ष एल निन्योचं शिखर होतं. १९९८ ते २०१२ चा कल दशकाला जेमतेम ०.०५ अंश दिसतो, पण त्या काळात समुद्रातली उष्णता वाढतच होती. जोरदार व्यापारी वारे ती पश्चिम प्रशांतात पृष्ठभागाखाली ढकलत होते. नुसता पृष्ठभाग बघून समुद्राचा हिशेब मांडू नये. अर्गो नावाचे, खोल बुडी मारून तापमान नोंदवणारे स्वयंचलित तरंडे २,००० मीटरपर्यंत मोजतात ते उगीच नाही.

एल निन्योचा परिणाम त्याच महिन्यात वजा करू नका. जागतिक तापमान त्याच्यामागून तीन-चार महिन्यांनी येतं.

४८० महिने म्हणजे ४८० स्वतंत्र नोंदी नव्हेत. लागोपाठच्या महिन्यांचा सहसंबंध ०.९ असेल तर हाती स्वतंत्र अशा पंचवीसच उरतात.

‘या पुरात एल निन्यो किती टक्के?’ असं विचारू नका. दर अंशामागे हवा सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणजे तोच एल निन्यो आता जास्त पाणी ओततो. ही बेरीज नाही, टक्के वाटता येत नाहीत.

आणि जहाजांच्या जुन्या नोंदींना पृष्ठभागावरच्या तरंड्यांच्या नव्या नोंदी तशाच चिकटवू नका. जहाजाच्या इंजिनात ओढलेलं पाणी तरंड्यापेक्षा साधारण ०.१ अंशानं गरम भरतं. तरंडे वाढले की समुद्र थंड होताना दिसतो, आणि मग कुणीतरी तो आलेख दाखवत फिरतो.