लेव्हल वाढतेय, पण पोकेमॉन इव्हॉल्व्ह होत नाही? मूव्ह्ज तपासा

पोकेमॉन गेममध्ये लेव्हलवर लेव्हल वाढवूनही पिलोस्वाइनचा मॅमोस्वाइन होत नसेल, तर त्याच्या मूव्ह्ज (लढाईत वापरायच्या चाली) बघा. काही पोकेमॉन ठरावीक मूव्ह येत असताना लेव्हल वाढली, तरच इव्हॉल्व्ह होतात, म्हणजे पुढच्या रूपात बदलतात. पिलोस्वाइन, यानमा आणि टँजेलाला ‘एन्शन्ट पॉवर’ लागते, लिकिटंगला ‘रोलआउट’.

‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायोलेट’ या पोकेमॉन गेम्समध्ये (२०२२) जिराफरिग ३२व्या लेव्हलला ‘ट्विन बीम’ शिकू पाहतो; त्याला इव्हॉल्व्ह व्हायला हीच मूव्ह लागते. तिथे घाईघाईत नकार देऊ नका! दिलाच असेल, तरी काही बिघडत नाही: त्याच्या समरी (माहितीच्या) स्क्रीनवर जाऊन ती मूव्ह फुकटात आठवून द्या आणि एक रेअर कँडी (लेव्हल एकने वाढवणारी वस्तू) वापरा. चारपैकी एक मूव्ह काढावी लागेल, पण इव्हॉल्व्ह झाल्यावर तीही तिथूनच परत आणता येते.