कोकणात जुनी गाडी घेताना आधी पाणी बघा

चिपळुणात गॅरेज आहे म्हटल्यावर एक प्रश्न ठरलेलाच असतो, "कुठली गाडी घेऊ?" माझं उत्तर ऐकून बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण मी मॉडेलचं नाव सांगायच्या आधी पाण्याबद्दल बोलायला लागतो. आपल्याकडच्या गाड्या पाण्याने मरतात. कधी नको तिथे शिरल्यामुळे, कधी हवं तिथलं संपल्यामुळे. ही दोन पाणी सांभाळलीत तर साधी वॅगनआरसुद्धा तुम्हाला कंटाळा येईपर्यंत चालते.

मॉडेलचं आधी उरकून टाकतो. जिची क्लच प्लेट आणि लोअर आर्म चिपळूणच्या बाजारात त्याच दिवशी मिळतात, ती गाडी घ्या. म्हणजे बहुतेक वेळा मारुती किंवा ह्युंदाईची छोटी पेट्रोल गाडी. लांबची परदेशी बनावटीची गाडी स्वस्तात मिळते, पण तिचा एक सेन्सर मुंबईहून येईपर्यंत ती माझ्या दारात उभी राहते आणि तुम्ही एसटीने फिरता. डिझेलच्या मोहात पडणाऱ्यांनी आधी आपलं रनिंग बघावं. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेलला धूर गाळणारा डीपीएफ असतो. त्यात साठलेली काजळी जळून जायला गाडी हायवेवर सलग पळावी लागते. घर, बाजार, शाळा एवढंच रनिंग असेल तर तो तुंबतो, आणि मग खर्च ऐकून लोक खुर्चीत बसतात. सीएनजीवाली जुनी गाडी असेल तर सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, झालीय का, ते बघा.

आता मुख्य गोष्ट. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला तेच झालं होतं. बुडालेल्या सगळ्या गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत. धुऊन-पुसून, सीटकव्हर बदलून बऱ्याच पुन्हा बाजारात आल्या, त्याही दुसऱ्या जिल्ह्यात, जिथे कुणाला संशय येत नाही. म्हणून एमएच-०८, म्हणजे आपली रत्नागिरीची पासिंग टाळून लांबची घेतली की सुटलो, असं समजू नका.

बुडालेली गाडी ओळखायला स्कॅनर लागत नाही, लाज सोडावी लागते. मालकासमोर गाडीत आडवं पडायची तयारी ठेवा. गुहागरकडचे एक मास्तर एक चकचकीत सेडान दाखवायला घेऊन आले होते. विकणारा सोबतच होता. मी ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि रीळ संपेपर्यंत बाहेर ओढला. लोक बेल्ट छातीपुरता ओढतात, त्यामुळे शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. तिथे आडवी तपकिरी रेघ होती, आणि पट्ट्याच्या विणीत वाळलेला बारीक गाळ. नखाने खरवडला तर मांडीवर पडला. विकणारा म्हणाला, "अहो, मुलांनी चॉकलेट सांडलंय." मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी चावी त्याच्या हातात दिली आणि चहा सांगितला.

बेल्टनंतर सीट पुढे-मागे सरकवून खालचे रूळ आणि बोल्ट बघा. वरची गाडी नवी आणि सीटखालचे बोल्ट गंजलेले, हे होतच नाही. डिकीतली स्टेपनी उचलून तिच्या खळग्याच्या कोपऱ्यात बोट फिरवा. पायाखालचं कार्पेट कोपऱ्यातून वर करून खालचा फोम दाबून बघा. डॅशबोर्डखालचा फ्यूजबॉक्स उघडून आत माती आहे का, ते पहा. हेडलाइटच्या आत पाण्याची पातळी दाखवणारी फिकट रेघ दिसते का? आणि गाडीत जबरदस्त अत्तर मारलेलं असेल तर काचा लावून दहा मिनिटं आत बसा. कुबट वास लपत नाही.

फक्त पुढच्या डाव्या सीटच्या पायाशी ओल असेल तर लगेच पूर धरू नका. एसीच्या पाण्याचा निचरा करणारी नळी तुंबली की पाणी तिथेच येतं. ते स्वच्छ असतं आणि त्याला वास नसतो. हाताला चिकट लागलं आणि गोडूस वास आला तर मात्र ते हीटरमधून गळणारं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी आहे. पहिलं काम किरकोळ, दुसऱ्याला अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागू शकतो.

कागदातही पूर सापडतो. विम्याच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट बघा. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. एकाच मालकाची जुनी गाडी आणि बोनस शून्य, तर शेवटच्या वर्षी कसला क्लेम झाला ते विचारा. सर्व्हिस सेंटरची हिस्टरी मागा. तिथे प्रत्येक वेळचे किलोमीटर लिहिलेले असतात, त्यामुळे मीटर मागे फिरवला असेल तर तोही कळतो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ई-चलान ऑनलाइन तपासा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या, आणि गाडी नावावर झाली की १४ दिवसांत विमाही नावावर करायला अर्ज द्या.

अपघात बघायला बॉनेट आणि फेंडरचे बोल्ट पुरतात. कंपनीच्या बोल्टवर रंग अखंड असतो, पान्याने उडाला असेल तर का खोललं ते विचारा. खालून बघताना सगळा पत्रा ताज्या काळ्या कोटिंगने झाकलेला दिसला तर मी पुढे जात नाही. गुहागर, दापोलीच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा पत्रा खालून सडतो, आणि गंजावर कोटिंग मारलं की ओल आत कोंडून तो आणखी जोरात सडतो.

ट्रायलला सकाळी जा, आणि मी यायच्या आधी गाडी चालू करू नका असं मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा. थंड इंजिन खोटं बोलत नाही. निळा धूर आला तर ती ऑइल खाते. पांढरा, गोडूस वासाचा धूर इंजिन तापल्यावरही येतच राहिला तर कूलंट जळतंय. मग गाडी शिरगाव-पोफळी सोडून कुंभार्ली घाटात चढवा. गावातल्या चक्करमध्ये गाडी गोडच वागते. घाटात क्लच सुटतो का, गाडी गरम होते का, उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतो का, सगळं समजतं.

एवढं करून गाडी घेतलीत की दुसरं पाणी सुरू होतं, कूलंटचं. माझ्याकडे येणारी सगळ्यात महागडी कामं इथूनच येतात. कुठेतरी होज, म्हणजे रबरी पाइप, थोडा गळतो, मालक कूलंटच्या बाटलीत नळाचं पाणी ओततो, महिनाभर तेच चालतं. साध्या पाण्याने आतून गंज आणि क्षार धरतात, पाणी लवकर उकळतं, आणि एक दिवस गणपतीला येताना एखाद्या घाटात गाडी गरम होऊन उभी राहते. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील, उडालं की कूलंट ऑइलमध्ये शिरतं आणि ऑइल मोजायच्या डिपस्टिकवर दुधाचा चहा दिसतो. मग हेड उतरवून मशीनवर घासून सपाट करणं, नवं गॅस्केट, ऑइल. बाटलीभर कूलंट घेतलं असतं तर हे काहीच लागलं नसतं.

आताच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना टेंपरेचरचा काटाच नसतो. थंड असताना निळा दिवा, तापली की लाल, मधलं काही नाही. त्यात कूलंट पूर्ण गळून गेलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि लाल दिवाही वेळेवर लागेलच असं नाही. म्हणून दिव्यावर विसंबू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, इंजिन थंड असताना बाटलीतली पातळी मिन आणि मॅक्सच्या मध्ये आहे का, ते बघा. पातळी सारखी उतरत असेल तर भरत राहू नका, गळती शोधून घ्या. वाटेत गाडी तापलीच तर बाजूला घ्या, एसी बंद करा, हीटर पूर्ण चालू करा, मग इंजिन बंद करून थांबा. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं.

ऑइल साधारण दहा हजार किलोमीटर किंवा वर्षाने, यातलं जे आधी होईल तेव्हा. फक्त गावात दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला त्याआधीच बदला. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदला, मग रनिंग कितीही कमी असो. टायर नुसत्या नक्षीवरून न बघता वयावरूनही बघा. डॉट या शिक्क्याच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मुंबईच्या सोसायटीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे टायर नक्षी शाबूत असतानाच तडकलेले मी दर गणपतीत बघतो.

मेच्या शेवटी एक तास काढा. वायपर पट्ट्या बदला. बॉनेट उघडून काचेच्या खालच्या जाळीत अडकलेली आंब्याची पानं हाताने काढा, नाहीतर पावसाचं पाणी ब्लोअरमधून आत येतं. दारांच्या खालच्या कडेला निचऱ्याची बारीक भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. पावसात गाडी दोन-चार दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, चिकटतो. सपाट जागा बघून पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. उंदरांसाठी तंबाखूची पानं, डांबरगोळ्या, सगळे उपाय लोक करतात. माझ्या मते रात्री बॉनेट उघडं ठेवणं आणि गाडी रोज हलवणं एवढंच थोडंफार चालतं.

आणि गाडी पाण्यात सापडलीच तर चावी फिरवू नका. पाणी ओसरल्यावर लोकांना पहिलं तेच सुचतं, एकदा मारून बघू. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. वर विमा कंपनी बऱ्याचदा हात वर करते, कारण साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, पण पाण्यात इंजिन चालू केल्याने झालेलं सहसा येत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. नदीकाठी राहणाऱ्यांनी ते घ्यावंच. गाडी आहे तशी ठेवा, दारातून पाणी कुठवर आलं होतं त्याचे फोटो काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, आणि टोइंग करून गॅरेजला आणा.