हेडफोन आणि स्पीकरसाठी ॲम्प्लिफायर-डॅक घेताय? या चुका टाळा

“भावा, किती वॅटचा घेऊ?” कोल्हापुरात ॲम्प्लिफायरची चौकशी बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. गणपतीच्या मिरवणुकीतल्या ज्या भिंतीला आपण ‘डॉल्बी’ म्हणतो, तिचा हिशोब हजारो वॅटचा असतो आणि तोच डोक्यात बसलेला असतो. पण राजारामपुरीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, दोन मीटरवर ठेवलेल्या छोट्या स्पीकरसमोर बसून गाणं ऐकायचं तर हा हिशोब लागू पडत नाही.

आधी हेडफोन कोणता, स्पीकर कोणते आणि बसणार किती लांब, हे ठरवा. ॲम्प्लिफायर त्यांच्यासाठी निवडायचा आणि डॅक, म्हणजे फोन-टीव्हीतल्या डिजिटल आकड्यांचा ऐकण्याजोगा सिग्नल करणारी डबी, सगळ्यात शेवटी. मी मित्रांच्या घरी जेवढे फसलेले सेट पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत हा क्रम उलटा झाला होता.

वॅटचा आकडा बघून घेणं

स्पीकरच्या कागदावर ‘86 डेसिबल’ असा काहीसा आकडा असतो. म्हणजे एक वॅट दिला की एका मीटरवर 86 डेसिबल आवाज. दहा वॅटला 96, शंभर वॅटला 106. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त तीन डेसिबल. म्हणून 50 वॅटऐवजी 100 वॅटचा ॲम्प घेऊन जे मिळतं, तेच 86 ऐवजी 89 डेसिबलचा स्पीकर घेऊनही मिळतं. माझं मत विचाराल तर जास्तीचे पैसे स्पीकरमध्येच घाला.

आता तळहाताएवढे क्लास-डी (वीज कमी वाया घालवणारे, कमी तापणारे) ॲम्प मिळतात, त्यांवर ‘300 वॅट प्रति चॅनल’ लिहिलेलं असतं. त्यांतल्या अनेकांत टीपीए3255 ही चिप असते. चिप चांगलीच आहे, पण तो आकडा 4 ओहमच्या स्पीकरचा (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा) आणि 10 टक्के डिस्टॉर्शनचा आहे, म्हणजे आवाज उघड फाटलेला असताना मोजलेला. सोबतच्या ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करा. 48 व्होल्ट, 5 अँपिअर म्हणजे दोन्ही चॅनल मिळून 240 वॅट. ॲडॅप्टर जेवढं देईल त्याहून जास्त ॲम्प सतत कुठून आणणार? 8 ओहमला, एक टक्क्याच्या आतल्या डिस्टॉर्शनला किती वॅट, एवढंच विचारा. पीएमपीओचा, म्हणजे जाहिरातीसाठी क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला, आकडा वाचूच नका.

हेडफोनचा जॅक आहे म्हणजे काम झालं, असं समजणं

स्पीकरच्या ॲम्पवर हेडफोनचा जॅक बहुधा असतोच. अनेक ॲम्पमध्ये, विशेषतः जुन्यांत, तो स्पीकरच्याच आउटपुटमधून मोठा रेझिस्टर लावून काढलेला असतो. त्यामुळे त्याचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे जॅकच्या आतला अडथळा, शंभर-दोनशे ओहमच्या पुढे जातो. यात फसवाफसवी नव्हती. 1996 च्या आयईसी 61938 या आंतरराष्ट्रीय मानकातही हेडफोन आउटपुटसाठी 120 ओहमच सुचवलेले होते. 300 ओहमच्या हेडफोनला त्याने फारसं बिघडत नाही. पण 16 किंवा 32 ओहमचा हेडफोन लावला की बास सैल होऊन घुमायला लागतो आणि आत चार-पाच ड्रायव्हर (आवाज काढणारे चिमुकले भाग) असलेल्या इअरफोनचा तर स्वभावच बदलतो. आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या ओहमच्या आठव्या भागाहून कमी असावा, हा सोपा हिशोब. 32 ओहमचा हेडफोन असेल तर 4 ओहमच्या आत.

उलटी तक्रारही येते: “300 ओहमचा हेडफोन घेतला, आवाजच चढत नाही.” समजा तो एका व्होल्टला 97 डेसिबल देतो. संगीतातल्या एखाद्या जोरकस क्षणी 110 डेसिबलपर्यंत जायचं तर साडेचार व्होल्ट लागतात. फोनला हेडफोन जोडायच्या साध्या डोंगलमधून जेमतेम एक व्होल्ट निघतो. वॅटमध्ये बघाल तर ते 70 मिलिवॅटसुद्धा नाहीत. तिथे व्होल्ट कमी पडतात. प्लॅनर (सपाट पडद्याच्या) हेडफोनचं वेगळं: ओहम कमी, पण करंटची भूक मोठी. म्हणून दुकानात आपलाच हेडफोन घेऊन जा.

डॅकच्या आकड्यांवर पैसे घालवणं

768 किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाची किती मापं), 32 बिट (प्रत्येक माप किती बारीक). आकडे भारी दिसतात. साधी सीडी 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिटची असते आणि 16 बिटमध्ये सुमारे 96 डेसिबलची रेंज मावते. शाहू महाराजांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आश्रय दिला, तेव्हापासून जयपूर-अत्रौली गायकी या गावात मुरली आहे. ती ऐकण्यासाठी सेट लावणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. याच गायकीतल्या केसरबाई केरकरांच्या 78 आरपीएमच्या जुन्या तबकडीची खरखर आणि गाणं या दोहोंना 16 बिट भरपूर पुरतात. आजचा नीट बनवलेला, बेताच्या किमतीचा डॅक कानाच्या मर्यादेपलीकडे स्वच्छ असतो. डॅक घेताना मी सोयी बघतो: ऑप्टिकल इनपुट आहे का, हेडफोन लावल्यावर स्पीकर बंद होतात का, रिमोट आहे का.

गुणगुण आली की सामान बदलत सुटणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. शुक्रवार पेठेतल्या एका मित्राने नवा सेट लावला आणि तंबोऱ्याखाली दुसराच कुणीतरी बेसूर षड्ज धरून बसल्यासारखा आवाज येऊ लागला. त्याने केबल बदलली, मग डॅक बदलला. गुणगुण तशीच.

आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे ही गुणगुण 50 किंवा 100 हर्ट्झची असते आणि तिचा माग काढता येतो. ॲम्प चालू ठेवायचा. प्रत्येक इनपुटची वायर काढताना आवाज शून्यावर आणायचा, मग पूर्वीएवढा करून ऐकायचं. सगळ्या वायरी काढूनही गुणगुण राहिली तर दोष ॲम्पमध्ये किंवा घरच्या विजेत. थांबली तर अर्थिंगचा लूप झालाय: दोन उपकरणं दोन वाटांनी जमिनीला जोडली गेलीत आणि मधल्या ऑडिओच्या वायरीतून करंट फिरतोय. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. गुणगुण गेली तर वाट सापडली. मित्राच्या घरी मात्र सेट-टॉप बॉक्सला येणारी केबलवाल्याची वायर उपसली आणि खोली एकदम शांत झाली.

उपाय म्हणून टीव्हीपासून डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल टाकली. तिच्यातून फक्त उजेड जातो, त्यामुळे लूप तुटतो. गुणगुण गेली, पण गाणंही गेलं! टीव्हीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बी डिजिटल (दाबून बांधलेला डिजिटल आवाज) निवडलेलं होतं आणि स्टीरिओ डॅकला बहुधा फक्त पीसीएम (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) कळतं. ते बदलल्यावर सगळं जागेवर आलं.

एक गोष्ट कधीच करू नका: गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची जाड पिन कापणं किंवा दोन पिनी जोडणी लावणं. गुणगुण जाईलही, पण पुढे आत काही बिघडलं तर करंट ॲम्पच्या पत्र्यावर येतो आणि पहिला हात लावणारा घरातलाच असतो. पेठेतल्या जुन्या घरांत तर बोर्डाला तीन भोकं असतात आणि मागे अर्थिंगची वायरच नसते. ॲम्पच्या पत्र्याला बोट लावल्यावर मुंग्या आल्या तर आधी वायरमनला बोलवा, गाणं नंतर ऐका.

पावसाळ्यात लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर ॲम्प भुणभुणत असेल तर इन्व्हर्टर कोणता आहे ते पाहा. स्क्वेअर वेव्ह असेल तर आत ट्रान्सफॉर्मर असलेला ॲम्प कुरकुर करणारच. प्युअर साइन वेव्ह नसेल तर तेवढा वेळ फोन आणि हेडफोनवर ऐकलेलं बरं.

जी चूक थेट जाळते

स्पीकरच्या टर्मिनलला स्वतः केलेल्या वायरीने हेडफोन जोडू नका. अनेक क्लास-डी ॲम्प ब्रिज पद्धतीचे असतात, म्हणजे काळं टर्मिनल ग्राउंड नसतं, तिथेही सिग्नल असतो. साध्या हेडफोनच्या जॅकमध्ये दोन्ही कानांची एक वायर एकत्र असते. ती लावली की दोन काळी टर्मिनल एकमेकांना भिडतात आणि चिप जाऊ शकते. डॅकच्या 4.4 मिलिमीटरच्या बॅलन्स्ड (दोन्ही कानांच्या वायरी वेगळ्या ठेवणाऱ्या) जॅकला 3.5 चं कन्व्हर्टर लावून साधा हेडफोन घातला तरी असंच होतं.

तसंच, जपानहून कुणी सेट आणला तर मागची पट्टी वाचा. तिथली वीज 100 व्होल्टची. आपल्या 230 मध्ये तो थेट लावला की जळतो.

सेट नवा असताना डॅकचं आउटपुट ‘फिक्स्ड’ (कायम पूर्ण जोराचं) आहे की ‘व्हेरिएबल’ (डॅकवरून कमी-जास्त होणारं) तेही पाहून घ्या आणि ॲम्पचा आवाज शून्यावर ठेवूनच पहिलं गाणं लावा. गायिका समोर उभी न वाटता आवाज दोन्ही बाजूंना पसरला आणि बास गायब असला, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या वायरी उलट्या लागल्यात.

दुकानात ट्रायल घेताना नॉब अगदी खाली आणूनही ऐका. साध्या नॉबमध्ये तिथे एक कान मोठा आणि एक लहान वाजतो. रात्री अकरानंतर, घर झोपल्यावर, तुम्ही बहुतेक तिथेच ऐकणार आहात.