छापील क्विल्ट पॅनेल : रंग चढतो, पण माप बिघडतं

छापील पॅनेल, म्हणजे क्विल्टच्या मधोमध लावायचं तयार चित्र छापलेलं सुती कापड, हातात आलं की पहिला मोह होतो तो मधल्या पक्ष्याला किंवा फुलाला दोऱ्याने गच्च भरून टाकण्याचा. तो आवरा. रंग आणि उठाव आणणं फारसं अवघड नाही, पॅनेल शेवटपर्यंत चौकोनी ठेवणं अवघड आहे. आणि ते बिघडलंय हे कळतं बॉर्डर लावायला बसल्यावर.

रंगाचं आधी उरकू. नव्या सुती कापडावर कांजीसारखं फिनिश असतं, त्यावर रंग नीट मुरत नाही. कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, कंडिशनर नको. कापड ३ ते ५ टक्के आटू शकतं, म्हणजे ३६ इंचांमागे इंच ते पावणेदोन इंच. जे आटायचं ते आत्ताच आटू दे. काठाची पट्टी, जिच्यावर रंगांचे गोल ठिपके छापलेले असतात, ती फेकू नका. सगळे प्रयोग तिच्यावर करायचे.

पारदर्शक रंग छपाईवर चढवला की खालचा रंग गडदच होणार, उजळणार नाही. गडद निळ्या आभाळावर पिवळं काही हवं असेल तर आधी पांढऱ्या अपारदर्शक रंगाचा हात द्यावा लागतो आणि तेवढा भाग पुठ्ठ्यासारखा होतो. म्हणून पहिलं पॅनेल फिक्या छपाईचं घ्या. एखादं पान रंगवताना देठाकडे गडद हिरवा, शिरेच्या एका अंगाला किंचित तपकिरी, आणि उजेडाच्या कडेला छापील रंग तसाच सोडायचा. एवढ्यानेही पान उचललं जातं.

ॲक्रिलिक वापरणार असाल तर फॅब्रिक मीडियम (रंग कापडावर मऊ बसवणारं द्रावण) निम्मं-निम्मं मिसळून सुरुवात करा. पेन्सिली घ्यायच्या तर शाईच्या, भिजवून वाळवल्यावर पक्क्या होणाऱ्या. साध्या वॉटरकलर पेन्सिलींचा रंग पहिल्याच धुण्यात जातो. पेन्सिल कोरडी फिरवा आणि वरून पाण्याऐवजी मीडियम किंवा कोरफडीचं पारदर्शक जेल लावा. पाणी सुताच्या तंतूंतून रेषेपलीकडे पळतं, जेल जागेवर थांबतं. २ नंबरचा ताठ ब्रश, टिश्यूवर पुसून जवळजवळ कोरडा केलेला, आणि रेषेच्या आत मिलिमीटरभर जागा सोडून. तेवढी जागा रंग आपणहून भरतो.

पूर्ण एक दिवस वाळू द्या. मग सुती कापडाच्या तापमानावर, वाफ बंद ठेवून, मध्ये पातळ कापड घालून उलट्या बाजूने इस्त्री करा. प्रत्येक भागाला ३-४ मिनिटं, इस्त्री हलती ठेवून. पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनाच्या खुणा असतील तर त्या इस्त्रीच्या आधीच ओल्या बोळ्याने काढा. उष्णता लागली की त्या कायमच्या बसतात. इस्त्रीचा कंटाळा करून "नंतर बघू" म्हणणारे पुढे अडकतात. का, ते आता सांगते.

मशिनवर दोऱ्याने भरताना प्रत्येक टाका कापडाला केसभर आत ओढतो. एका टाक्याने काही होत नाही, पण फुलाच्या पाकळ्यांत हजारो टाके पडतात. फूल आकसतं, भोवतालचं मोकळं आभाळ मात्र होतं तेवढंच राहतं. २४ इंच रुंदीचं पॅनेल मधोमध साडेतेवीस भरतं आणि वरच्या-खालच्या कडेला २४च राहतं. त्या अर्ध्या इंचाला जायला जागा नसते, म्हणून कडा झालरीसारख्या लाटा मारतात. बॉर्डर ताणून लावली की त्याच लाटा पुढे सरकतात. जाड बॅटिंगने, म्हणजे क्विल्टच्या आतल्या कापसासारख्या थराने, हे झाकलं जातं असं सांगणारे भेटतील. नाही झाकलं जात.

जुनी गोधडी आठवा. सुरकुत्या तिलाही पडतात, पण धावदोऱ्याच्या ओळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या अंतराने गेलेल्या असतात. सगळीकडे सारखीच ओढ, म्हणून ती तिरकी होत नाही. पॅनेललाही हाच न्याय लावा. मध्ये दाट भरलंत तर आभाळही अगदीच मोकळं सोडू नका, विरळ का होईना, ओळी घाला.

भरताना मागे फाडून काढायचं स्टॅबिलायझर (कापडाला आधार देणारा कागदासारखा थर) हवंच, ताणासाठी रिंग लावलेली बरी. ९०/१४ नंबरची टॉपस्टिच सुई, ४० नंबरचा दोरा, बॉबिनला ६० नंबरचा बारीक. मशिनचे कापड पुढे सरकवणारे दाते खाली घ्या, वरचा ताण एखाद्या अंकाने कमी करा. मधून बाहेर सरकत जा, आणि एकच जागा एका बैठकीत संपवू नका. आज अर्धी घनता, उद्या उरलेली.

तरीही थोडं आकसणारच, घाबरू नका. पॅनेल ओलं करा, फोमच्या पाटावर पसरा, चारही कोपरे गुण्याने (काटकोन तपासायच्या पट्टीने) तपासत दर दोन इंचांवर टाचण्या मारा आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. सुती कापड बरंच मागे येतं. इस्त्रीचा हट्ट यासाठीच होता. रंग पक्का बसलेला नसेल तर पॅनेल भिजवता येत नाही आणि भिजवल्याशिवाय सरळ होत नाही. शंका असेल तर काठाच्या पट्टीवरचा नमुना ओला करून पांढऱ्या रुमालावर दाबा. रुमालाला रंग लागला तर पुन्हा इस्त्री.

हातटाक्यांनी ओढ कमी बसते, पण वेळ फार जातो. सहापदरी दोऱ्यातले दोन पदर पुरतात. परागांना गाठीचे टाके, वेलीला साखळी. फुगवटा हवा असेल तर तेवढ्या आकारामागे बॅटिंगचा जादा तुकडा ठेवून कडेने शिवा आणि शिवणीबाहेरचं बॅटिंग २-३ मिलिमीटर सोडून कापा. कात्री गोल टोकाची घ्या, नाहीतर पॅनेललाच भोक पडतं.

शिकवणारं कोणी निवडताना त्यांच्या कामाची उलटी बाजू बघायला मागा. दाखवायला टाळाटाळ केली तर दुसरीकडे जा.

बॉर्डरच्या पट्ट्या छापील मापाने आधीच कापून ठेवू नका. ओलं ताणून वाळवल्यावर उंची आणि रुंदी तीन-तीन ठिकाणी मोजा, दोन्ही कडांना आणि मधोमध. पट्टी मधोमध भरलेल्या मापाची कापा, आधी दोन टोकं आणि मध्य टाचा, आणि कडेला उरलेला ढिलेपणा टाचण्यांमध्ये सारखा वाटून शिवा.