दुधी धरत नाही? खत घालण्याआधी फुलाच्या मागे बघा

कोथरूडला आमच्या गच्चीवर पहिल्या वर्षी दुधीला इतकी फुलं आली की शेजारच्या काकूंनी कोफ्त्यांसाठी नंबर लावून ठेवला. दुधी एकही आला नाही. रोपवाटिकेत विचारलं, तर हातात खताची पुडी ठेवली. वेल आणखी माजला, पानं ताटाएवढी झाली, बाकी शून्य.

चूक माझीच होती. सगळी फुलं मी एकसारखी धरली होती. दुधीच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात आणि सुरुवातीला येतात ती बहुतेक नरफुलं. ती लांब, सडपातळ देठावर उभी असतात आणि उमलून गळून जातात. ती गळली म्हणून जीव खाली-वर करू नका. मादीफूल ओळखायला फुलाच्या मागे बघायचं: तिथे बोटाच्या पेराएवढी लवदार, हिरवी दुधुली आधीच असते. परागकण पोचले तर ती वाढते, नाहीतर पिवळी पडून सुकते.

झाडांनाही नर-मादी असतं, हे १६९४ साली कामेरारियस या जर्मन वैद्याने प्रयोगांतून मांडलं. त्याने एरंडाची नरफुलं खुडून टाकली, तर बी धरलंच नाही. मला हे कळायला एक अख्खा पावसाळा गेला.

दुसरी चूक वेळेची. मी सकाळी आठला चहाचा कप ठेवून पराग लावायला रंगाचा ब्रश घेऊन जायचो, तेव्हा फुलं ओल्या टिश्यूसारखी मलूल झालेली. दुधीचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रीच्या पतंगांसाठी. दोडक्याचंही संध्याकाळचंच. काकडी, कारलं, लाल भोपळा मात्र सकाळचे. त्यामुळे दुधीला दिवेलागणीच्या सुमारास गाठा. ताजं नरफूल तोडा, पाकळ्या सोलून काढा आणि मधला परागाचा दांडा मादीफुलातल्या कुक्षीवर (पराग धरणाऱ्या मधल्या भागावर) हलकेच फिरवा. ब्रशची गरज नाही. एका नरफुलात दोन-तीन मादीफुलं सहज होतात. आणि कृपा करून त्याच वेळी कीटकनाशक फवारू नका. ज्यांची वाट बघतोय त्यांनाच मारून कसं चालेल?

नत्राचं खत जास्त झालं की वेल पानंच काढत बसतो, ते थांबवा. मुख्य शेंडा खुडला की बगलफांद्या फुटतात आणि मादीफुलं मुख्यतः त्यांच्यावरच येतात.

टोमॅटोची गोष्ट सोपी आहे. एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतं, आधाराच्या काठीला टिचकी मारली तरी पुरतं. एप्रिल-मेच्या उन्हात फुलं गळली तर तो तुमचा दोष नाही.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी दिसली, तर चिरडू नका. ती फुलपाखराची आहे. पुढे कात टाकत हिरवी होते. खाऊन वाढायचं ते सगळं अळीपणीच. पंख आल्यावर फुलपाखरू वाढत नाही. म्हणजे छोटं फुलपाखरू हे मोठ्याचं पिल्लू, हा समजही सोडा.

आता दुधी धरला, की लोक कौतुकाने तो वेलावरच जून होऊ देतात. बी तयार व्हायला लागली की वेलाची ताकद तिकडे जाते आणि नवी फळं कमी धरतात. सालीत नख रुततंय तोवर काढा. बियाण्यासाठी ठेवायचाच असेल तर हंगामाच्या शेवटी एखादा ठेवा. पाकिटावर ‘संकरित’ लिहिलेलं असेल तर तेवढाही नको. त्याच्या बियांतून तसाच दुधी येईल याची खात्री नसते.