घशाशी येतंय? पेयांची एक वही ठेवा

रात्री दोनच्या सुमारास घशाशी आंबट-कडू पाणी यायचं आणि मी खडबडून जागी व्हायचे. छातीच्या मधोमध आग. उठून थंड दूध प्यायचे, दहा-पंधरा मिनिटं निवल्यासारखं वाटायचं, तासाभरात पुन्हा तेच. दूध आम्लाला थोडाच वेळ थोपवतं. त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. साय असेल तर पोट रिकामं व्हायलाही उशीर. हे कळायला मला फार वर्षं लागली, म्हणून आधी तेच सांगते.

अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते. ती अवेळी सैल पडली की आम्ल वर चढतं. कॉफी आणि दारू काहींची ही झडप ढिली करतात. संत्र्याचा किंवा टोमॅटोचा रस आधीच सोललेल्या जागेला थेट झोंबतो. सोड्याचं वेगळंच. ढेकर आला की मोकळं वाटतं खरं, पण वायूने पोट फुगतं, झडप उघडते आणि ढेकरासोबत आम्लही वर येतं.

पुदिन्याचा चहा मी ‘पोटाला चांगला’ म्हणून रोज रात्री घ्यायचे. पुदिनाही झडप सैल करतो! तो बंद केल्यावर माझ्या रात्री पुष्कळ सुधारल्या.

सगळ्यांना सगळंच बाधत नाही, त्यामुळे याद्या पाठ करू नका, वही करा. दोन आठवडे कॉफी, चहा, सोडा, आंबट रस, दारू सगळं थांबवा. मग एकेक पेय परत आणा, प्रत्येकाला तीन दिवस द्या. काय प्यायलात, किती, जेवणानंतर किती वेळाने, आडवे कधी झालात, जळजळ कधी सुरू झाली, एवढं लिहा. माझ्या वहीत एके ठिकाणी आहे: ‘कॉफी, उपाशीपोटी, पूर्ण कप – अर्ध्या तासात जळजळ.’ खाली चार दिवसांनी: ‘कॉफी, नाश्त्यानंतर, अर्धा कप – काही नाही.’ कॉफी सोडायची गरजच नव्हती. कॅफीन काढलेली कॉफीही काहींना बाधते, तेव्हा तिचीही वेगळी नोंद करा.

पाणी मात्र भरपूर प्या, पण घोट घोट. जेवताना भसाभस अर्धा लिटर ओतलं तर पोट ताणतं. जळजळ सुरू झाल्यावर दोन-तीन घोट घेतले की अन्ननलिकेत चढलेलं आम्ल खाली धुतलं जातं.

पाण्याचा घोट सोडला तर झोपायच्या आधी तीन तास काही पिऊ नका. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली ठोकळे देऊन ती बाजू १५ ते २० सेंटिमीटर उचला. उशांचा ढीग केला तर पोट दुमडतं आणि दाब वाढतो. डाव्या कुशीवर झोपा.

घास अडकत असेल, वजन विनाकारण उतरत असेल, उलटीत रक्त किंवा शौच काळी दिसली, तर आधी डॉक्टर, वही नंतर. आणि छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, सोबत घाम फुटला असेल, तर ते पित्त समजून घरी बसू नका, तडक रुग्णालय गाठा.